शिपाईबाई, एफ.वाय. बी.कॉम.

१५ जुलै

पहिला तास. अकाउंट्‌स. सकाळी साडेसात.

वर्गात शिरले आणि मागून बोरसे सर आले. मी अजून दाराशीच. म्हणाले, "मावशी, फळा पुसून द्या, आणि जाताना दार लोटून घ्या."

पुसला. डस्टर जागेवर ठेवलं. दार लोटलं, पण आतून. शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही. मग एक पोरगी खुसकन हसली, मग अख्खा वर्ग. सर हजेरी घेत होते. एकशे चौदा नंबरला "सुनंदा विलास पवार" म्हणाले, मी "हजर" म्हटलं, तेव्हा त्यांनी मान वर केली. कानापर्यंत लाल झाले. बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू.

अकराला युनिफॉर्मची निळी साडी नेसून ऑफिसात. साडेअकराला त्याच सरांना स्टाफरूममध्ये चहा. कप घेताना खाली बघत होते.

१८ जुलै

माझी लेक पल्लवी विचारते, एकोणचाळिसाव्या वर्षी हे काय काढलंस. तिला काय सांगायचं.

हे गेले त्याला साडेतीन वर्षं. सतरा वर्षं याच कॉलेजात अकाउंटला क्लार्क होते. त्यांच्या जागी अनुकंपावर मला घेतलं, पण शिपाई म्हणून. बारावी आर्ट्‌सला क्लार्कची जागा नाही. आमचे ओ.एस., म्हणजे कार्यालय अधीक्षक, भामरे नाना तेव्हा म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही पदवी करा. विलासची खुर्ची कुठे पळून जात नाही."

खुर्ची खरंच पळाली नाही. रिकामीच आहे. रोज मीच पुसते.

मी मात्र पहिल्या महिन्यात वहिनी, दिवाळीपर्यंत सुनंदाबाई, आता नुसती बेल.

यंदा सकाळच्या वर्गाला बसायची परवानगी प्राचार्यांकडून लेखी घेतली. नाना कागद वाचून म्हणाले, "बघा झेपतं का." तेवढंच.

२४ जुलै

घेणाऱ्याचे खाते नावे, देणाऱ्याचे खाते जमा. जे येते ते नावे, जे जाते ते जमा.

म्हणजे पैसे आले की रोख खातं नावे? आयुष्यभर आले की जमा म्हणत आले मी. बँकेच्या पासबुकातसुद्धा जमाच असतं. हात वर करून विचारलं. सर म्हणाले, "तसा नियम आहे, लिहून घ्या."

पुढच्या बाकावरून कोणीतरी, "मावशी, चहा नावे, कप जमा."

शेजारी बसते ती रुखसार. तिचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवतात, जुन्या आग्रा रोडच्या मागे. ती तास संपल्यावर म्हणाली, "आंटी, मेरेकू भी नहीं समझा. पण पासबुक बँक लिहिते ना? तिच्या बाजूने लिहिते. आपण आपल्या बाजूने."

एवढंच होतं. सरांना हे सांगता आलं नसतं?

२ ऑगस्ट

माहेरून वडिलांचा, आबांचा फोन, शिरपूरकडून. वहिनीने त्यांना सांगितलेलं दिसतं. "घर शे, पगार शे, बठ्ठं शे. आते कसाले शिकस वं बेटा?"

कसाले. म्हणजे कशाला. एकोणिसाव्या वर्षी पुढे शिकायचं म्हटलं तेव्हाही हाच शब्द होता.

"बरं आबा" म्हटलं आणि ठेवला.

९ ऑगस्ट

आज जिन्यात पल्लवी समोरून आली, मैत्रिणींबरोबर. तिचं अकरावी सायन्स याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. माझ्या एका हातात अकाउंट्‌सचं पुस्तक, दुसऱ्या हातात पाण्याचा रिकामा जग. तिने भिंतीवरची नोटीस वाचायला घेतली. मी गेले खाली.

घरी मी पोळ्या लाटत होते. तीच बोलली. "तू शिपाई आहेस ते सगळ्यांना माहितीये, त्याचं मला काही नाही. पण आता वर्गात पण बसतेस. पोरं तुझे व्हिडिओ काढतात आई."

"दाखव."

दाखवला. मी बोटांवर आकडे मोजतेय आणि मागे कसलंतरी गाणं.

पोळी करपली. खाल्ली मीच.

२६ ऑगस्ट

आजचा तास चांगला झाला. तेरीज. नावेची बेरीज आणि जमेची बेरीज सारखी यायला पाहिजे. नाही आली तर चूक शोधायची. सर आज पुस्तक न बघता शिकवत होते. म्हणाले, "फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकडे उलटे पडले असण्याची शक्यता. ५४ चे ४५. आधी ते बघा."

घरी येऊन करून बघितलं. ७२ चे २७. ६३१ चे ६१३. दर वेळी नऊने भाग जातो. पल्लवीला दाखवलं. "हे सोपंय गं, बीजगणित आहे," म्हणाली, पण दोन मिनिटं वहीत बघत राहिली.

२८ ऑगस्ट

तपासणीची कमिटी येणार म्हणून रेकॉर्ड रूम झाडायला लावली. जुनी रजिस्टरं. ह्यांचं अक्षर. साडेतीन वर्षं मी या कपाटावरून फडका फिरवतेय, पण उघडून कधी बघितलं नव्हतं. बघून काय कळणार होतं.

आज कळलं. सगळं नाही, पण वाचता आलं.

हे म्हणायचे, "हिशेब तुझ्या डोक्यात शिरणार नाही, तू स्वयंपाक नीट कर." मार्च महिना आमच्या घरात कसा जायचा ते मला आणि भिंतींना ठाऊक. पल्लवी आठ वर्षांची झाली त्या मार्चचं रजिस्टर मुद्दाम काढलं. शेवटी तेरीज. खाली ह्यांच्या अक्षरात, फरक ५४०, उचंत खात्याला टाकला. म्हणजे सापडत नाही, तात्पुरता बाजूला ठेवला.

५४० ला नऊने भाग. साठ.

तिथेच खाली बसले. पानं मागे उलटत गेले. फेब्रुवारीच्या फीमध्ये सापडलं. पावतीपुस्तकात ४,८२६, खात्यावर ४,२८६. वीस मिनिटं लागली असतील. जास्त नाही.

त्या तेरजेखाली ह्यांनी तारीख घातलीय. ती तारीख मला विसरता येत नाही. पल्लवीच्या वाढदिवसाचा दुसरा दिवस. वरणात मीठ जास्त झालं म्हणून ताट आलं माझ्या अंगावर. भुवईवर तीन टाके. दवाखान्यात सांगितलं, ओट्याचा कोपरा लागला.

मीठ जास्त नव्हतं. मी नंतर चाखून बघितलं होतं.

२९ ऑगस्ट

वर्गात लक्ष नाही. रुखसार म्हणाली, "आंटी, तब्येत?"

दोन आकडे उलटे पडले होते. एवढंच. कोणाला विचारलं असतं तर

३ सप्टेंबर

वाटलं होतं राग येईल. यायचा तेवढा येऊन गेला. आता नुसतं आठवतं, मार्चात हे रात्र रात्र गादीवर बसून राहायचे. ऑफिसात फरक राहिला की भामरे नाना सगळ्यांसमोर बोलायचे ह्यांना. ते घरी सांगायचे नाहीत. घरी आणायचे फक्त.

त्यांना माफ केलं असं मी लिहिणार नाही.

१९ सप्टेंबर

बोरसे सर तासिकेवर आहेत, कायम नाहीत. जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे. त्यांचं गेल्या वर्षीचं चार महिन्यांचं बिल नानांच्या टेबलावर पडून आहे. मी ती फाइल तीन वेळा आत नेली, तीन वेळा बाहेर आणली. आज सर स्वतः आले. नानांनी बसा म्हटलं नाही. "सर, एक सही राहिलीय हो प्राचार्यांची." सही नव्हती राहिली. मीच करून आणली होती परवा.

सर बाहेर पडले, मागोमाग मी. सांगितलं, सही झालीय, फाइल नानांच्या डाव्या हाताच्या ड्रॉवरमध्ये आहे. मग म्हणाले, "ताई, त्या पहिल्या दिवशीचं—"

"जाऊ द्या सर. घसारा परत एकदा सांगाल का? कमी होत जाणारी पद्धत. मला दुसऱ्या वर्षाचं गणित चुकतंय."

कँटीनच्या बाकावर बसून सांगितलं. चहाचे पैसे त्यांनी दिले, मी देऊ दिले नसते तर ओशाळले असते.

१४ नोव्हेंबर

अकाउंट्‌सचा पेपर. सुट्टी मागितली होती. नाना म्हणाले, "दुसरा शिपाई रजेवर. घंटा कोण वाजवणार? तुम्ही तिथेच आहात की."

साडेआठला पहिली घंटा वाजवली, मुलांनी बसायचं. पावणेनऊला दुसरी, उत्तरपत्रिका वाटायच्या. नऊला तिसरी वाजवली आणि घंटेचा दांडा तसाच टाकून हॉलकडे धावले. वरच्या मजल्यावर शेवटचा ब्लॉक. पेपर हातात पडला तेव्हा बाकीच्यांचा पहिला प्रश्न सुरू होता. घाईत रेघा वाकड्या आल्या.

साडेनऊ व्हायला आले. उठावं लागणार, अर्ध्या तासाची घंटा. पेन खाली ठेवलं. तेवढ्यात घंटा वाजली. खिडकीतून बघितलं तर खाली व्हरांड्यात बोरसे सर. दर अर्ध्या तासाला त्यांनीच वाजवली. त्यांची तिथे ड्यूटी नव्हती.

अंतिम खाती जुळली. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू सारख्या. तीनदा बघितल्या.

२१ जानेवारी

निकाल. साठपैकी एक्कावन्न.

वर्गात निम्म्याहून जास्त पोरं अकाउंट्‌समध्ये उडाली. रुखसारला वीस. चार मार्कांनी गेली.

मोबाइल पल्लवीच्या पुढे धरला. "एक्कावन्न?" म्हणाली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, स्वतःच चहा केला. आल्याचा. साखर विसरली.

२४ जानेवारी

वर्गात शिरले. फळ्यावर लिहिलेलं: पेपर पाहिजे? शिपाईबाईंना भेटा.

सवयीने पुसला.

नंतर कळलं, माझ्या विरोधात अर्ज गेलाय ऑफिसात. परीक्षेचे गठ्ठे मीच उचलते, किल्ल्या माझ्याकडे असतात, म्हणून. बारा सह्या. रुखसारची सातवी.

तिला व्हरांड्यात गाठलं. "तुला पण वाटतं?"

"मला नाही माहीत." खाली बघत होती. "अब्बू म्हणाले एवढी फी भरली, काय केलंस. तुम्ही माझ्याच शेजारी बसता, माझ्याच वहीतून उतरवलं. तुम्हाला एक्कावन्न, मला वीस. मी काय सांगू घरी?"

उत्तर होतं माझ्याकडे. मी पहाटे पाचला उठून एकेक गणित चार वेळा करत होते. नाही बोलले. बापासमोर उभं राहणं मला माहीत आहे.

२७ जानेवारी

नानांनी बोलावलं. प्रश्नपत्रिका विद्यापीठातून परीक्षेच्या सकाळी येतात, त्या प्राचार्यांच्या खोलीत काढतात, शिपाई तिथे नसतो, हे नानांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी म्हणाले, "आमचा विश्वास आहे हो. पण अर्ज आलाय म्हटल्यावर फाइल करावी लागते." फाइल केली. परीक्षा विभागाच्या किल्ल्या काढून घेतल्या.

३१ जानेवारी

टपाल द्यायला जळगावला विद्यापीठात पाठवलं. सकाळच्या एसटीने. टपाल दिलं आणि दुसऱ्या खिडकीवर रांगेत उभी राहिले. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स प्रतीचा अर्ज. खिडकीतला म्हणाला, "नापास विषय कोणता?"

"पास आहे. एक्कावन्न."

"मग कशाला पाहिजे?"

कसाले.

परतीला पारोळ्यापर्यंत उभी होते.

१२ फेब्रुवारी

प्रत आली. रुखसारसमोर ठेवली. सगळी पानं वाचली तिने, वाकड्या रेघांसकट. एका ठिकाणी बोट ठेवलं. खोडलेलं, परत केलेलं, परत खोडलेलं. "पेपर माहीत असता तर एवढं कशाला खोडलं असतं," स्वतःशीच म्हणाली. "मी सही मागे घेते आंटी."

गेली ऑफिसात. नाना म्हणाले, फाइलमधला कागद काढता येत नाही.

आज ती शेजारी बसली.

१६ फेब्रुवारी

ह्यांच्या खुर्चीवर माणूस बसला.

सकाळी पुसली, साडेअकराला चहा घेऊन गेले तर बसलेला. तुषार. संस्थेच्या अध्यक्षांच्या बहिणीचा मुलगा, चोवीस-पंचवीसचा. बी.ए. "तात्पुरती नेमणूक," नाना म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

ट्रे टेबलावर ठेवला. त्याने "थँक्यू मावशी" म्हटलं. वाईट मुलगा नाही तो. वाईट असता तर बरं झालं असतं.

१७ फेब्रुवारी

वर्गात गेले नाही.

१८ फेब्रुवारी

नानांना विचारलंच. "नाना, तुम्ही म्हणाला होतात खुर्ची कुठे पळत नाही."

"पळाली कुठे? तिथेच आहे ना?" आणि हसले. शेजारचे दोघंही हसले. मीही हसले असणार. सवय.

२७ फेब्रुवारी

तुषारने हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही बी.कॉम. करताय ना? हे मुलांचं डिपॉझिट आलंय. उत्पन्नात टाकू ना?"

अनामत रक्कम. मुलांची असते, परत द्यायची असते. ते उत्पन्न नव्हे, देणं. पहिल्या सेमिस्टरचं पोरगंही सांगेल.

म्हटलं, "मला काय ठाऊक साहेब. मी शिपाई."

त्याने उत्पन्नात टाकलं. मी बघत उभी होते. गोड वाटलं.

२८ फेब्रुवारी

दिवसभर ती नोंद डोक्यात. टेबल पुसताना, पाणी भरताना. सुधारायला सांगितलं शेवटी. "साहेब, ती अनामत देणं बाजूला घ्या." मग सांगतच गेले. त्याने खुर्ची मागे सरकवली, मी उभ्या उभ्या वाकून स्क्रीनवर बोट दाखवत होते.

का सांगितलं? संस्थेचं भलं म्हणून नाही. मला येतं, हे कोणाच्या तरी समोर यावं म्हणून. लाज वाटते, पण असंच आहे.

२३ मार्च

रोज दुपारी तासभर. तो बसतो, मी उभी. नाना काचेतून बघतात. मला वाटलं, बघताहेत म्हणजे मनात नोंद घेत असतील. वेडी.

७ एप्रिल

वर्षाची तेरीज. पहिल्या फेरीत फरक आला, दुसऱ्या दिवशी सापडला, मीच शोधला. ऑडिटर आले. म्हणाले, बऱ्याच वर्षांनी उचंत खातं न ठेवता बंद झालेलं बघतोय. भामरे नानांनी तुषारच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचा नवा मुलगा."

तुषारने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं त्याने. नाना म्हणाले, "मावशी, साहेबांना पाणी."

मी गेले पाणी आणायला. परत आले तोवर विषय आंब्यांवर गेला होता.

नंतर जिन्यात तुषार म्हणाला, "सॉरी. मी सांगणार होतो."

"मग सांगा ना. अजून आहेत आत."

गेला नाही.

१६ एप्रिल

नानांनी आत बोलावून बसा म्हटलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

"सुनंदाबाई, पुढच्या वर्षी सकाळची परवानगी अवघड आहे. तो अर्ज फाइलला आहे, वर प्रश्न येतात. पण तुमचं काम मी बघतोय. तुषारच्या शेजारी एक टेबल टाकू. पाणी नाही, चहा नाही, युनिफॉर्म नाही. हिशेबाचं काम करायचं."

"पद?"

"पद शिपायाचंच. पगार तोच. पण खुर्ची मिळेल की."

बदल्यात मी लिहून द्यायचं, शिक्षण स्वखुशीने बंद करते. सोमवारी अकरापर्यंत.

"आणि पदवी नसेल तर क्लार्क कधी होणार नाना?"

"अहो, क्लार्कचंच तर काम देतोय."

१८ एप्रिल

बोरसे सरांना सांगितलं. ते म्हणाले, "लिहून देऊ नका ताई." मग म्हणाले, "पण मी कोण सांगणारा. मी पुढच्या वर्षी असेन की नाही मलाच ठाऊक नाही." त्यांचं बिल मार्चात निघालं, निम्मं.

रुखसार म्हणाली, बाहेरून फॉर्म भरा, घरी अभ्यास करा, मी नोट्स देते. बाहेरून करायलाही ऑफिसचं ना-हरकत पत्र लागतं. सही भामरे नानांची.

१९ एप्रिल, रविवार

पल्लवीला वाटतं मी टेबल घ्यावं. "आई, निदान जग घेऊन फिरणं तरी बंद होईल. माझ्या वर्गाबाहेर येऊन तू पाणी ठेवतेस तेव्हा मला..." मग रडली. जिन्यात तोंड फिरवलं होतं त्याचं रडणं होतं ते, ऑगस्टपासूनचं. मी जवळ घेतली.

तिला हो म्हणणं किती सोपं आहे. खुर्चीवर बसून करायचं काम. पाय दुखायचे नाहीत. पोरीला मान वर करून चालता येईल. उद्या साडेसातला दुसऱ्या सेमिस्टरचा अकाउंट्‌सचा पेपर, अकराला नाना. दोन्ही एकाच इमारतीत.

संध्याकाळी पुस्तक मिटलं आणि कोरा कागद घेतला. प्रति, मा. प्राचार्य. विषय लिहिला. मग 'मी खाली सही करणार सौ.' लिहिलं, सौ. खोडलं, 'श्रीमती' केलं. 'सुनंदा विलास पवार, शिपाई, स्वखुशीने' इथपर्यंत अक्षर चांगलं आलंय. पल्लवी शेजारी बसून बघतेय. पेन हातात आहे आणि पुढचा शब्द अजून लिहिलेला नाही.